जुनी निकॉन लेन्स, नवी बॉडी आणि परत परत येणारं एफ-ई-ई : काय बघायचं, कुठल्या क्रमाने

जुनी एएफ-डी लेन्स, म्हणजे फिल्मच्या काळापासूनची निकॉनची ऑटोफोकस लेन्स, नव्या निकॉनवर चढवली, चार फोटो मस्त आले आणि पाचव्याला शटर दाबलं तर काहीच होत नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये एफ-ई-ई लुकलुकतंय. लेन्स काढून परत लावली की जातं आणि दहा मिनिटांनी परत हजर. हा त्रास ज्यांना आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण आमच्याकडे हे प्रकरण सहा महिने चाललं होतं, मधे एकदा लेन्स दुरुस्तीला टाकली, तिथे "लेन्स ओके आहे" म्हणून तशीच परत मिळाली आणि घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी परत तेच. शेवटी कारण सापडलं ते इतकं साधं होतं की आधी क्रमाने बघितलं असतं तर एका संध्याकाळीच सुटलं असतं.

आधी लेन्स कुठली ते सांगते. माझ्या मामाचा कराडला फोटो स्टुडिओ होता, लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो सगळं तो करायचा. स्टुडिओ बंद केला तेव्हा त्याची ५० एमएम एफ १.८ एएफ-डी माझ्याकडे आली, आणि तिच्याबरोबर अजून दोन जुन्या मॅन्युअल लेन्स, त्यांचं पुढे सांगते. ही ५० मी माझ्या डी७२०० वर दोन वर्षं वापरली, एकदाही कुरकुर नाही. मग ताईच्या मुलीने डी५३०० घेतला, तिला पोर्ट्रेटसाठी काहीतरी हवं होतं म्हणून मी ती तिला दिली. आणि पहिल्याच आठवड्यात फोन, "मावशी, हिच्यावर एफ-ई-ई येतंय."

एफ-ई-ई म्हणजे काय ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होतं. या जुन्या लेन्सला मागच्या बाजूला, बॉडीजवळ, अ‍ॅपर्चरची रिंग असते, तिच्यावर १.८, २.८, ४ असं २२ पर्यंत लिहिलेलं. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सच्या आतल्या पात्यांमधलं उजेड यायचं भोक, आकडा मोठा तेवढं भोक लहान. फिल्मच्या काळात ही रिंग हाताने फिरवायची. नव्या बॉडीत मात्र अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यावरच्या डायलने बदलतं, आणि ते प्रत्यक्षात बदलतं कसं तर बॉडीच्या आत एक छोटी दांडी असते, ती लेन्सच्या मागच्या दांडीला ढकलते आणि पाती हवी तेवढी मिटू देते. आता रिंग जर ८ वर असेल तर पाती ८ च्या पुढे मिटूच शकत नाहीत, कॅमेऱ्याने १६ मागितलं तरी लेन्स ८ च देणार, फोटो पांढराफटक. म्हणून कॅमेऱ्याची अट असते की रिंग सगळ्यात मोठ्या आकड्यावर, म्हणजे इथे २२ वर, ठेवून लॉक करा, मग पूर्ण ताबा माझ्याकडे. रिंग तिथे नाही असं त्याला वाटलं की तो एफ-ई-ई दाखवतो आणि शटर अडवतो. त्याला "वाटलं" हा शब्द मुद्दाम वापरला, कारण रिंग खरंच सरकलेली असणं आणि कॅमेऱ्याला तसं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आमच्याकडे दोन्ही झाल्या.

पहिल्या वेळी साधंच होतं, रिंग १६ वर होती. २२ वर आणली, शेजारची छोटी लॉकची खीळ सरकवली, झालं. ज्यांना पहिल्यांदाच हे दिसतंय त्यांच्यातल्या बहुतेकांचं काम इथेच होईल, २२ चा आकडा नारिंगी असतो, तो रेषेसमोर आणा आणि लॉक करा.

पण चार दिवसांनी परत फोन. रिंग २२ वर आहे, लॉक आहे, तरी मधूनच येतंय. मी सांगितलं पिना पूस. लेन्सच्या मागे सोनेरी पिना असतात, त्यातून लेन्स स्वतःची माहिती कॅमेऱ्याला सांगते, तिथे हाताचा घाम, तेल, जुना मळ बसलेला असतो. मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडावर दोन थेंब आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसायचं, खोडरबर घासायचा नाही कारण त्याचा चुरा आरशाच्या खोलीत जातो, आणि पॉलिश पेपर तर अजिबात नाही, वरचा सोन्याचा थर निघाला की पिना कायमच्या गेल्या. तिने पुसलं. दोन दिवस बरं वाटलं. परत तेच. मग ती दुकानात टाकली वगैरे, ते वर सांगितलं.

खरं म्हणजे पिना पुसायला सांगतानाच माझं चुकलं होतं, कारण पिनांचा प्रश्न असता तर एफ-ई-ई आलं नसतं, एफ आणि पुढे दोन आडव्या रेघा आल्या असत्या. हा फरक फार कामाचा आहे. दोन रेघा म्हणजे कॅमेऱ्याला लेन्सची चिपच दिसत नाहीये, एकतर पिना घाण आहेत, लेन्स नीट खटकन बसलेली नाही किंवा लेन्सला चिपच नाही. एफ-ई-ई म्हणजे चिप दिसतेय, बोलणं चाललंय, पण रिंगच्या जागेबद्दल तक्रार आहे. स्क्रीनवर कुठलं अक्षर आलं ते नीट वाचून लिहून ठेवा, "एरर येतोय" एवढ्यावर कोणालाच काही सांगता येत नाही, दुरुस्तीवाल्यालाही नाही.

आता खरं कारण कसं सापडलं ते. दिवाळीत सगळे ताईकडे जमलो होतो, आई स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसून करंज्या कातत होती, उजेड सुंदर होता, भाची तिचे फोटो काढत होती आणि मी शेजारी उभी राहून फक्त तिच्या हाताकडे बघत होते. डी५३०० ला बॉडीत फोकसची मोटर नाही. एएफ-डी लेन्समध्येही मोटर नसते, तिला बॉडीतून एक स्क्रूसारखा खिळा फिरवतो. मग डी५३०० वर ही लेन्स ऑटोफोकस करतच नाही, फोकस हाताने करावा लागतो. फोकसची रिंग या लेन्सवर अगदी पुढे आणि अरुंद. तर भाची काय करत होती, अंगठा आणि तर्जनीने पुढची रिंग फिरवत होती आणि मधलं बोट, करंगळी आधारासाठी मागच्या अ‍ॅपर्चर रिंगवर टेकवत होती. प्रत्येक वेळी फोकस डावीकडे नेला की ती मागची बोटं पण केसभर रिंग ओढत होती. मी तिला थांबवलं, लेन्स हातात घेतली, लॉक लावलेलं असताना रिंग फिरवून बघितली तर ती सरकली. खीळ दिसायला जागेवर होती, नारिंगी आकडाही रेषेपाशी होता, पण आतली खाच इतक्या वर्षांत झिजलेली, थोडा जोर दिला की रिंग सुटायची.

माझ्या डी७२०० वर दोन वर्षं हे का आलं नाही याचंही उत्तर तिथेच मिळालं. डी७२०० मध्ये मोटर आहे, ऑटोफोकस चालतं, मी लेन्सच्या त्या भागाला हातच लावत नव्हते, डावा तळवा खाली आणि बोटं पुढे. म्हणजे दोष तेव्हाही होता, फक्त त्याला धक्का बसत नव्हता. आणि दुकानात लेन्स ओके का वाटली तेही कळलं, तिथे टेबलावर लावून चार क्लिक मारले असणार, हाताने फोकस कोण करत बसलंय.

म्हणून तपासणी अशी करा. कॅमेरा चालू ठेवा, रिंग २२ वर लॉक करा, व्ह्यूफाइंडरमध्ये बघत बघत डाव्या हाताच्या दोन बोटांनी अ‍ॅपर्चर रिंग हलकेच दोन्ही बाजूंना ढकला. आकडे जाऊन एफ-ई-ई दिसलं आणि सोडल्यावर गेलं तर चोर सापडला. मग उपाय दुकानातच पाहिजे असं नाही. इलेक्ट्रिशियनची काळी टेप घ्या, चार-पाच मिलिमीटर रुंदीची पट्टी ब्लेडने सरळ कापा, रिंग २२ वर ठेवून ती पट्टी अर्धी रिंगवर आणि अर्धी तिच्या पुढच्या न फिरणाऱ्या भागावर येईल अशी एक वेढा गुंडाळा. मागच्या बाजूला, जिथे लेन्स बॉडीत बसते तिथे टेपची कड जाता कामा नये, तिथे कागदाएवढी जाडी पण चालत नाही. पुढची फोकस रिंग मोकळी फिरतेय ना ते बघा. आमची लेन्स त्या दिवसापासून टेपवर आहे.

ज्यांच्याकडे डी७०००, डी७१००, डी७२००, डी६१०, डी७५०, डी८०० अशा बॉडी आहेत त्यांना अजून एक रस्ता आहे. कस्टम सेटिंगच्या एफ गटात कमांड डायल्सचं कस्टमायझेशन असतं, त्यात अ‍ॅपर्चर सेटिंग म्हणून एक ओळ आहे, ती सब कमांड डायलवरून काढून अ‍ॅपर्चर रिंगवर करा. मग अ‍ॅपर्चर फिल्म कॅमेऱ्यासारखं रिंगनेच बदलायचं आणि २२ वर लॉक करायची भानगड राहत नाही. मामाला हे दाखवलं तेव्हा तो फार खूश झाला, त्याच्या बोटांना तीच सवय. डी३००० आणि डी५००० च्या मालिकेत ही सोय नाही, त्यांना टेपच.

आता तिसरी वेळ. मार्च महिन्यात भाची मैत्रिणींबरोबर हर्णैला गेली होती, आल्यावर परत फोन, आणि यावेळी ती रडकुंडीला आलेली, कारण टेप जागेवर आणि तरी एफ-ई-ई. मी एकच विचारलं, कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ लावल्यावर काय होतं? तर तिच्यावरही एफ-ई-ई. त्या लेन्सला अ‍ॅपर्चर रिंगच नाही! अशा रिंग नसलेल्या, म्हणजे 'जी' (G) प्रकारच्या, लेन्सवरही हे आलं म्हणजे लेन्स सुटली, प्रश्न बॉडीत. या छोट्या बॉडींना माउंटच्या, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या धातूच्या कडीच्या, कडेला लागून एक बारीकशी खटकी असते, रिंग २२ वर आली की लेन्सच्या मागचा उंचवटा ती दाबतो, आणि जी लेन्सला तो उंचवटा कायमचाच दिलेला असतो. खटकी दाबली गेली नाही की कॅमेरा एफ-ई-ई म्हणतो. लेन्स काढून टॉर्चने बघितलं तर खटकीच्या फटीत वाळूचे दोन-तीन कण. कॅमेरा तोंड खाली करून धरला, रबरी ब्लोअरने पाच-सहा फुंका मारल्या, प्लॅस्टिकच्या टूथपिकने खटकी हलवून बघितली, ती स्प्रिंगसारखी परत यायला लागली, झालं काम. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब आत आरशावर जातात. दाबाच्या हवेचे डबेही नकोत. आणि खटकी वाकलेली किंवा तुटलेली दिसली तर मात्र स्वतः काही न करता दुरुस्तीला द्या, आणि देताना "जी लेन्सवरही एफ-ई-ई येतंय, माउंटची खटकी बघा" असं स्पष्ट सांगा, म्हणजे ते लेन्स उघडत बसणार नाहीत.

थोडक्यात क्रम असा : आधी दुसरी लेन्स लावून दोष बॉडीत की लेन्समध्ये ते ठरवा, मग रिंग आणि लॉक, मग ढकलून बघणं. पिना पुसायच्या त्या एफपुढे दोन रेघा आल्या तरच. आम्ही जवळजवळ उलटं केलं होतं.

आता मामाच्या दुसऱ्या दोन लेन्स, कारण त्यांच्यावरूनही हेच प्रश्न सारखे येतात. एक १०५ एमएम एफ २.५ एआय-एस, म्हणजे निकॉनच्या मॅन्युअल फोकसच्या एआय जातीतली, आणि एक ५५ एमएम एफ २.८ मायक्रो, म्हणजे अगदी जवळचे फोटो काढायची, ती पण एआय-एस. यांना चिप नाही, पिना नाहीत, सगळं यंत्राचं काम. डी५३०० वर लावल्या की स्क्रीनवर चक्क "लेन्स लावलेली नाही" असा मेसेज येतो आणि लोक घाबरून लेन्स काढतात, परत लावतात, जोर लावतात. लेन्स नीट बसलेली आहे, कॅमेऱ्याला फक्त ती दिसत नाही. डायल एम, म्हणजे मॅन्युअल, वर न्या, शटर चालू होईल. उजेड मोजणारं मीटर मात्र चालणार नाही, डी३००० आणि डी५००० मालिकेत चिप नसलेल्या लेन्सला मीटरच नाही. मग भर उन्हात एफ १६ आणि शटर आयएसओएवढं, म्हणजे आयएसओ २०० ला एक दोनशेअंश सेकंद, तिथून सुरू करायचं, फोटो काढून हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघायचा आणि पुढेमागे करायचं. पाच-दहा फोटोंत अंदाज बसतो, खरंच बसतो. फोकसला व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका मदत करतो, एफ ५.६ किंवा त्याहून उघड्या लेन्सवर तो चालतो, पण १.८ ला त्याच्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका, लाइव्ह व्ह्यूमध्ये झूम करून डोळ्याची पापणी बघा.

डी७२०० सारख्या बॉडीवर याच लेन्सना मीटर मिळतं, कारण तिथे माउंटभोवती एक फिरणारी कडी आणि तिला छोटी पट्टी असते, लेन्सची रिंग ती ढकलते आणि कॅमेऱ्याला कळतं किती स्टॉप खाली आलो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). त्यासाठी मेनूमध्ये नॉन-सीपीयू लेन्स डेटा, म्हणजे चिप नसलेल्या लेन्सची माहिती, भरायचा, फोकल लेंग्थ आणि सगळ्यात उघडं अ‍ॅपर्चर, नऊ लेन्स साठवता येतात. सारखी होणारी गडबड म्हणजे लेन्स बदलली आणि नंबर बदलायचा राहिला, मग फोटोत भलतेच आकडे नोंदले जातात, १०५ ने काढलेला फोटो ५५ चा म्हणून. एफएन, म्हणजे आपल्याला हवं ते काम देता येणाऱ्या, बटणावर हा नंबर टाकून ठेवा म्हणजे लेन्स चढवतानाच हात तिकडे जातो.

आणि इथे एक गोष्ट विकत घेणाऱ्यांनी नीट लक्षात ठेवा. डी७२०० वरून डी७५०० वर गेलेले पुष्कळ जण फसतात. डी७५०० मध्ये फोकसची मोटर आहे, एएफ-डी चालते, पण ती कडीची पट्टी काढून टाकलीय, म्हणजे एआय लेन्सला मीटर नाही, फक्त एम मोड. मॉडेलचा आकडा मोठा म्हणजे जुन्या लेन्सना जास्त चांगलं, असं इथे अजिबात नाही.

त्याहून महत्त्वाचं, कारण इथे नुकसान होतं : १९७७ च्या आधीच्या, म्हणजे एआय नसलेल्या निक्कॉर (निकॉनच्या लेन्सचं नाव). एफ माउंट १९५९ चा, तेव्हापासून माउंट तोच म्हणून लोक समजतात काहीही कशावरही चढतं. या जुन्या लेन्सच्या अ‍ॅपर्चर रिंगची मागची कड सगळीकडून अखंड असते, ती जाऊन त्या पट्टीवर बसते आणि जोर लावला तर पट्टी मोडते. डी७२००, डी६१०, डी७५०, डी८५०, सगळ्यांना हा धोका. ओळखायचं कसं तर लेन्स उलटी धरून रिंगची मागची कड बघा, एका भागात कड कापून पायरी केलेली दिसली आणि रिंगवर आकड्यांच्या दोन ओळी, एक मोठ्या आणि एक बारीक, असल्या की ती एआय. वरच्या सशाच्या कानांवर, म्हणजे रिंगवर उभ्या असलेल्या दोन फाट्यांच्या धातूच्या तुकड्यावर, विसंबू नका, काही जुन्या लेन्सची कड नंतर कापून घेतलेली असते आणि कान जुनेच राहिलेले असतात. गंमत म्हणजे डी५३०० सारख्या साध्या बॉडीला ती पट्टीच नसल्यामुळे तिथे या लेन्स सुखरूप चढतात. आणि २०१३ च्या निकॉन डीएफ या कॅमेऱ्यात ती पट्टी दुमडता येते.

मायक्रो लेन्सचा त्रास वेगळा होता आणि तो ओळखायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. एफ २.८ ला फोटो बरोबर, ८ ला एक स्टॉप उजळ, १६ ला तर पार पांढरा. मीटरवर संशय, डेटा नंबरवर संशय, सगळं तपासलं. शेवटी लेन्स काढून रिंग १६ वर ठेवली, मागची छोटी दांडी बोटाने ढकलून सोडली आणि समोरून बघितलं. पाती टचकन मिटायला हवीत, ती आळस दिल्यासारखी सावकाश मिटत होती, आणि उजेडात तिरपी धरली तर पात्यांवर ओला चकचकीत डाग. तेल. फोकसच्या आट्यांमधलं ग्रीस उन्हाळ्यांत पातळ होऊन पात्यांवर आलेलं. ५५ एफ २.८ मायक्रोचा हा जुनाच ओळखीचा आजार आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात कपाटाच्या वरच्या फळीवर, पत्र्याच्या स्टुडिओत, ठेवलेल्या लेन्सना तर हमखास. डीएसएलआरमध्ये, म्हणजे या आरशाच्या कॅमेऱ्यांमध्ये, पाती शेवटच्या क्षणापर्यंत उघडी असतात आणि शटर दाबल्यावर क्षणात मिटायची असतात, ती वेळेवर पोहोचत नाहीत म्हणून फोटो उजळ येतो. यावर घरगुती उपाय नाही, लेन्स उघडून पाती धुवावी लागतात, ते जाणत्या माणसाकडूनच. मी मुंबईत फोर्टला बोरा बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडे दिली, त्यांनी ती दांडी एकदाच ढकलून बघितली आणि म्हणाले, "ताई, तेल आलंय, आठ दिवस लागतील." आता चोख चालते.

पण हीच लेन्स मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यावर, असती तर मला हा दोष कळलाच नसता. तिथे साध्या अ‍ॅडॅप्टरमधून पाती आधीच मिटलेली असतात, तुम्ही रिंग १६ वर नेली की लगेच मिटतात आणि तशीच राहतात, मग दोन सेकंद लागले काय आणि एक क्षण काय, फोटोत फरक नाही. म्हणून डीएसएलआरवाल्याने खराब म्हणून काढलेली लेन्स मिररलेसवाल्याकडे वर्षानुवर्षं छान चालते. उलटंही खरं, मिररलेसवर तपासून घेतलेली लेन्स डीएसएलआरवर चढवली की हा दोष उघडा पडतो. विकत घेताना दांडी ढकलून बघाच.

मिररलेसचा विषय निघालाच आहे तर तिथले नेहमीचे प्रश्न पटापट सांगते.

निकॉन झेड, म्हणजे निकॉनची मिररलेस, बॉडी आणि जुन्या लेन्स तिच्यावर चढवणाऱ्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरवर एएफ-डी फोकस करत नाही. बिघाड नाही, अ‍ॅडॅप्टरमध्ये तो स्क्रू फिरवणारी मोटरच नाही, पहिल्यातही नाही आणि २०२१ च्या दुसऱ्या एफटीझेडमध्येही नाही. मीटर, अ‍ॅपर्चर, नोंदी सगळं चालतं, फोकस हाताने. डोंबिवलीच्या एका मैत्रिणीने याच कारणासाठी अ‍ॅडॅप्टर दोनदा बदलून घेतला, दुकानदारालाही माहीत नव्हतं. फोकस पीकिंग, म्हणजे शार्प कडा रंगात दाखवणारी सोय, चालू करा आणि मोठं करून बघायचं बटण हाताशी ठेवा, सवयीने वेग येतो.

शटर दाबलं जात नाही, सोनी किंवा फुजीवर साधा धातूचा अ‍ॅडॅप्टर लावलाय : मेनूमध्ये लेन्सशिवाय शटर चालू देण्याची एक ओळ असते, ती ऑन करा. कॅमेऱ्याच्या दृष्टीने पुढे काहीच लावलेलं नाही.

फोटो हललेले येतात, ट्रायपॉडवर मात्र बरोबर : बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनला, म्हणजे हाताचा कंप सावरणाऱ्या सोयीला, फोकल लेंग्थ चुकीची सांगितली गेलीय. १३५ ची लेन्स लावून सेटिंगमध्ये २८ राहिलं तर ते पुरेसं सावरत नाही, आणि उलट असेल तर जास्त सावरून अजून बिघडवतं. लेन्स बदलली की आकडा बदला. पुष्कळ लोक लेन्सला "सॉफ्ट आहे" म्हणून विकून टाकतात आणि कारण हे असतं.

लांबचं शार्प होत नाही, हे जरा नीट सांगते. लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. निकॉन एफ चं ४६.५ मिलिमीटर, झेड चं १६, म्हणजे मधला अ‍ॅडॅप्टर बरोबर ३०.५ चा हवा, सोनी ई ला २८.५ चा. तो किंचितही जाड असला की इन्फिनिटी, म्हणजे अगदी लांबचा फोकस, जाते, म्हणून स्वस्त अ‍ॅडॅप्टरवाले मुद्दाम थोडा पातळ करतात, मग लेन्स इन्फिनिटीच्या पुढे जाते. पातळ असला तर वापरता येतो, फक्त लेन्सवरच्या अंतराच्या आकड्यांवर विसंबायचं नाही आणि रात्री तारे काढताना रिंग शेवटपर्यंत ढकलून मोकळं व्हायचं नाही. तपासायला लांबचा बारीक दिवा शोधा. मी गच्चीवरून सिंहगडाच्या टॉवरचा लाल दिवा बघते, लेन्स पूर्ण उघडी, स्क्रीनवर दिवा मोठा करून रिंग सावकाश फिरवते. दिवा बारीक बारीक होत जाऊन टिंब झाला आणि पुढे परत फुगायला लागला तर अ‍ॅडॅप्टर पातळ, हरकत नाही. शेवटपर्यंत नेली तरी टिंब झालाच नाही, तर जाड, परत करा. वाइड लेन्सवर हा फरक जास्त जाणवतो म्हणून २४ किंवा २८ असेल तर तिच्यावरच तपासा.

याच हिशोबाने एम४२ च्या, म्हणजे रशियन हेलिओस वगैरे आट्यांच्या लेन्स निकॉनच्या डीएसएलआरवर साध्या रिंगने लावल्या की लांबचं कधीच शार्प होणार नाही, त्यांचं अंतर ४५.४६, निकॉनचं त्याहून एका मिलिमीटरने जास्त. कॅननच्या ईएफ चं ४४, तिथे त्या मजेत चालतात. निकॉनसाठी मधे काच असलेला अ‍ॅडॅप्टर मिळतो पण ती काच स्वस्तातली असली की सगळी लेन्स धूसर करते, माझं मत विचाराल तर त्यापेक्षा फुलांचे, जवळचे फोटो काढा आणि लांबच्यासाठी दुसरी लेन्स ठेवा.

पावसाळ्याचं एक. कोकणात, मुंबईत जुन्या लेन्सना बुरशी धरते, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे, पुढून टॉर्च मारून मागून तिरपं बघितलं की दिसतात. फोटो धुरकट, उन्हासमोर रंग उडालेले, आणि आपण सेटिंगमध्ये शोधत बसतो. कातडी पाकिटात लेन्स ठेवू नका, ते ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, आणि छोटा आर्द्रतामापक, ४० ते ५० टक्क्यांच्या मधे ठेवा. जेलचे दाणे रंग बदलले की कढईत मंद आचेवर परतून परत वापरता येतात, पण त्या कढईत नंतर स्वयंपाक करू नका.

भाचीची ५० अजून डी५३०० वरच आहे. उन्हाळ्यात टेपचा गोंद पाघळून रिंग चिकट होते, म्हणून एप्रिल संपताना जुनी पट्टी सोलून रिंग अल्कोहोलने पुसायची आणि नवी पट्टी लावायची, लावायच्या आधी रिंग २२ वर आहे ना ते बघायचं. मागच्या वेळी तिने घाईत १६ वर असतानाच टेप गुंडाळली होती आणि परत एफ-ई-ई म्हणून मला फोन केला, मी फक्त विचारलं टेपखाली कुठला आकडा आहे, आणि तिने स्वतःच सोलून दुरुस्त केलं.